काट्यावरचा काँप्युटर गोठतो, लाइट गेली की नोंदी गायब. डिस्कवर न उतरलेल्या डेटाचं करायचं काय?

सेलूचा_काटेवाला
राम राम मंडळी. सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्याचं आणि ऑफिसातल्या मशिनींचं मी बघतो. काट्यावर डेबियन लिनक्स आहे, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती डिस्क, फाइल सिस्टिम एक्स्ट४. कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, खाली होऊन आली की रिकाम्या गाडीचं, दोन फोटो, एक पावती. प्रोग्रॅम पायथनमधला आहे. आधी इथं असलेल्या पोरानं लिहिलेला. तो आता पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही.

दुखणी दोन. एक म्हणजे, संध्याकाळी कॅमेऱ्याचं दिवसभराचं रेकॉर्डिंग यूएसबी डिस्कवर कॉपी व्हायला लागलं की पावती निघायला कधी कधी अर्धा मिनिट लागतो. बाहेर ट्रॅक्टरांची लाइन, माणसं पहाटेपासून आलेली. ती काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरं, लाइट गेली की शेवटच्या गाड्यांची नोंद मशीन परत चालू झाल्यावर सापडतच नाही. पावती शेतकऱ्याच्या हातात, आणि काँप्युटरला ती गाडीच माहीत नाही! परवा तर पावती क्रमांकाची फाइल शून्य बाइटची झाली आणि नंबर १ पासून सुरू झाले. मुनीमजींनी एक नंबरच्या दोन पावत्या माझ्यासमोर आणून ठेवल्या आणि काही न बोलता गेले.

नेटवर कुणी म्हणतं डर्टी रेशो कमी कर, कुणी म्हणतं डिस्क जोडतानाच सिंक लावून माउंट कर (प्रत्येक राइट लगेच खाली उतरेल), कुणी म्हणतं क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, सारखा सिंक (रॅममधलं सगळं डिस्कवर उतरव हा हुकूम) मारत राहा. नेमकं काय करू?

हिंगोलीचा_हार्डवेअरवाला
आधी यूपीएसची बॅटरी बदला. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या मशिनींचा आजार तिथंच असतो. लोक यूपीएस घेतात, बॅटरी मेली तरी दिवा हिरवा दिसतो म्हणून निवांत असतात.

सेलूचा_काटेवाला
दादा, बॅटरी मागितली आहे, मालक सीझन संपल्यावर बघू म्हणतात. पण बॅटरी असली तरी गोठणं थांबणार नाही ना?

जुना_सीसॅडमिन_संभाजीनगर
नाही थांबणार. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांवर औषधही वेगळं. नेटवरचे सल्ले त्यांना एकत्र कालवतात म्हणून गोंधळ होतो.

प्रोग्रॅमनं "राइट" म्हटलं की डेटा डिस्कवर जात नाही. तो रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो आणि प्रोग्रॅमला लगेच "झालं" असं उत्तर मिळतं. ही पानं आता डर्टी, म्हणजे डिस्कवर उतरायची बाकी. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, फ्लशर धागा (मागच्या मागं चालणारं काम) दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पानं लिहायला घेतो. हे झालं वयानुसार. दुसरा हिशोब ढिगाऱ्यानुसार: डर्टी पानं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की फ्लशर वय न बघता लिहायला लागतो, आणि २० टक्क्यांकडं सरकली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवलं जातं.

आपला मोंढाच घ्या. आवक वाढली की हमाल जास्तीचे लागतात, तो १० टक्क्यांचा आकडा. यार्डात पाय ठेवायला जागा उरली नाही की गेट बंद, तो २० चा. आणि गेट बंद झालं की शंभर पोती घेऊन आलेलाही थांबतो आणि एक पोतं घेऊन आलेलाही. तुमची पावती ते एक पोतं आहे.

यूएसबी डिस्क हळू, इकडून कॉपी जोरात. कॉपी चालू असताना प्रॉक-मेमइन्फो या फाइलीत (तिथं मेमरीचा चालू हिशोब दिसतो) "डर्टी" आणि "राइटबॅक" या दोन ओळी बघा आणि आकडे इथं टाका. आकड्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

मोंढा_जालना
विषय तुमचा चालू द्या, मध्येच एक विचारतो. आम्ही आडतीचा हिशोब विंडोजवर करतो. रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. "सेफली रिमूव्ह" न करता काढला तर चालतं असं भाचा म्हणतो. खरं का?

जुना_सीसॅडमिन_संभाजीनगर
विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हला "क्विक रिमूव्हल" हे डीफॉल्ट आहे. म्हणजे लिहिणं फार वेळ राखून ठेवत नाहीत. भाचा अर्धा बरोबर आहे. कॉपीची पट्टी संपायच्या आत काढला तर कोणतंही डीफॉल्ट वाचवणार नाही. हिशोबाचा बॅकअप आहे, दोन सेकंद थांबून रीतसर काढा.

सेलूचा_काटेवाला
अण्णा, आकडे बघितले. कॉपी चालू केली की डर्टी सरसर चढत सव्वा जीबीच्या आसपास जातो आणि तिथंच खिळतो. कॉपी पहिले काही सेकंद सुसाट, मग एकदम रखडते. पावती नेमकी तेव्हाच अडकते. कॉपी रद्द केली तरी यूएसबी डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो.

नांदेडची_कर्नलवाली
बरोबर अपेक्षित आहे ते. ८ जीबीपैकी उपलब्ध साधारण साडेसहा धरली तर २० टक्के म्हणजे १.३ जीबी. तुमची यूएसबी डिस्क खऱ्या अर्थानं सेकंदाला २० एमबी लिहीत असेल तर तो ढीग उतरायलाच मिनिटभर जाणार. टक्के हे माप ज्या काळात ठरलं तेव्हा मशिनीत रॅम थोडी असायची. रॅम वाढत गेली, टक्के तेच राहिले, आणि हळू डिस्क हळूच राहिल्या. २०१३ साली पेनड्राइव्हच्याच तक्रारीवरून कर्नलच्या मेलिंग लिस्टवर यावर भरपूर चर्चा झाली. ६४ बिट मशीनवर हे डीफॉल्ट फार मोठे पडतात हे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनीही मान्य केलं होतं. तरी डीफॉल्ट अजून १० आणि २०च आहेत.

या भागात सुधारणा झाली नाही असं मात्र नाही. पूर्वी पीडीफ्लश नावाचे धागे सगळ्या डिस्कना मिळून सामायिक होते. एक हळू डिस्क त्यांना अडकवून ठेवायची आणि बाकीच्या डिस्क उपाशी राहायच्या. कर्नलच्या २.६.३२ आवृत्तीत, २००९ च्या शेवटी, जेन्स अ‍ॅक्सबोच्या कामामुळे प्रत्येक डिस्कला आपापला फ्लशर मिळाला. मग ३.२ मध्ये फेंगग्वांग वू यांचं काम आलं. त्याआधी हद्द ओलांडली की लिहिणारा प्रोग्रॅम स्वतःच डिस्कवर लिहायला जुंपला जायचा, म्हणजे दहा प्रोग्रॅम दहा दिशांनी एकाच डिस्कचं डोकं ओढायचे. आता प्रोग्रॅमला डिस्कच्या वेगाप्रमाणं मोजून थोडं थोडं झोपवतात, लिहिण्याचं काम फक्त फ्लशर करतो. ४.१० मध्ये अजून एक भर पडली: मागच्या मागं चाललेल्या लिखाणानं रांग इतकी भरू द्यायची नाही की वाचणाऱ्यांचा जीव जाईल.

म्हणून तुमचं अर्धा मिनिटच अडकतं. २००८ च्या कर्नलवर पाच मिनिटं चहा पिऊन आला असता.

पुसदचा_पाहुणा
मराठवाड्याच्या धाग्यात वऱ्हाडातून डोकावतो. सोपं आहे, "आयोनाइस" लावून कॉपीला शेवटचा प्राधान्यक्रम द्या. एका ओळीत काम होते.

नांदेडची_कर्नलवाली
या पाहुणे. पण इथं त्याचा फारसा उपयोग नाही. साध्या बफर्ड लिखाणात डिस्कवर प्रत्यक्ष लिहितो तो फ्लशर, तुमची कॉपी नाही. प्राधान्यक्रम कॉपीला चिकटतो, फ्लशरला नाही. शिवाय "आयडल" (सगळ्यात शेवटचा) वर्ग पाळणारा शेड्युलर, म्हणजे डिस्कची रांग लावणारा भाग हवा, जसा बीएफक्यू. वाचण्याच्या बाजूला थोडा फरक पडेल, तेवढाच.

कॉपीला खरंच आवर घालायचा तर तीन रस्ते. कॉपी आरसिंक या प्रोग्रॅमनं करा आणि त्याला बँडविड्थची मर्यादा द्या, सगळ्यात सोपं, कुठल्याही मशीनवर चालतं. किंवा कॉपी सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसमधून चालवून तिथं लिहिण्याचा वेग बांधा. सीग्रुप २ मध्ये (प्रोग्रॅमचे गट करून त्यांचा वाटा ठरवणारी सोय) मेमरी आणि आयओ दोन्ही कंट्रोलर चालू असले तर एक्स्ट४ वर बफर्ड लिखाणाचा हिशोबही त्या त्या गटाच्या खात्यावर पडतो. कर्नल ६.२ किंवा पुढचा असेल तर बीडीआयच्या (डिस्कनिहाय सेटिंगच्या) फोल्डरमध्ये त्या एका डिस्कपुरती "मॅक्स_बाइट्स" आणि "स्ट्रिक्ट_लिमिट" सापडेल. ढीग लावायचा तर लाव, पण तुझ्या वाट्याइतकाच.

जुना_सीसॅडमिन_संभाजीनगर
+१. आणि एकूण हद्दही खाली आणा, टक्क्यांत नाही, बाइट्समध्ये:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६

म्हणजे ६४ एमबीला काम सुरू, २५६ ला गेट बंद. बाइट्स टाकले की टक्क्यांचे आकडे आपोआप शून्य दिसतात, घाबरू नका. दोन आकड्यांत अंतर ठेवा, चिकटवून ठेवले तर फ्लशरला धाप टाकायला जागा मिळत नाही. सिस्टिम-सीटीएलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवा, नाही तर मशीन बंद-चालू झाली की परत जुने आकडे.

उदगीरची_पोर
मी याहून खाली नेऊन बघितलंय, १६ एमबीपर्यंत. नका नेऊ. डेटा थोडा वेळ रॅममध्ये थांबण्यात फायदाही असतो. काही सेकंदांत पुसल्या जाणाऱ्या टेंपररी फाइली बऱ्याचदा डिस्कवर जातच नाहीत, शेजारशेजारचे तुकडे जोडून एकदम लिहिले जातात. एक्स्ट४ तर डिस्कवरची जागाच शेवटच्या क्षणी ठरवतो, म्हणजे फाइल सलग बसते. फार घाई केली की कॅमेऱ्याच्या मोठ्या फाइलींच्या चिंध्या होतात. सिंक लावून माउंट करणं हा तर आत्मघात. फिरत्या डिस्कवर प्रत्येक छोट्या राइटला थांबावं लागतं.

आणि क्रॉनमधल्या सिंकचं म्हणाल तर सिंक सगळ्यांचाच ढीग उतरवतो, कॅमेऱ्याचाही. पावतीच्या चार ओळींसाठी रेकॉर्डिंगचा अख्खा ढीग मध्येच ढकलायचा, म्हणजे गोठणं वाढणारच.

सेलूचा_काटेवाला
ताई, अण्णा, दोन्ही केलं. आरसिंकला १५ एमबीची मर्यादा आणि वरचे आकडे. कालच्या संध्याकाळी पावती अडकली नाही. मुनीमजींना विचारलं, ते म्हणाले "आज काय बिघडलं नाही का?" ही त्यांची शाबासकी समजायची.

आता दुसरं दुखणं. हद्द खाली आणल्यामुळं लाइट गेल्यावर नोंदी वाचतील ना?

जुना_सीसॅडमिन_संभाजीनगर
नाही! हेच सगळ्यात जास्त लोक चुकीचं समजतात. तुमची पावतीची नोंद दोनशे बाइटची. ६४ एमबीच्या हद्दीला ती कधी धक्का लावणार? शांत वेळेला ती ३० सेकंदांचं वय होईपर्यंत रॅममध्येच बसणार. एक्स्पायरीचे सेंटिसेकंद कमी केले तर खिडकी लहान होईल, बंद होणार नाही. कर्नलचे हे सगळे आकडे सोयीसाठी आहेत, हमी त्यात कुठंच नाही. हमी हवी तर प्रोग्रॅमनं तोंड उघडून मागावी लागते. तिचं नाव एफसिंक: ही फाइल डिस्कवर उतरल्याशिवाय मला "झालं" म्हणू नकोस.

नोंद लिहिण्याचा कोड टाका इथं.

सेलूचा_काटेवाला
कोड पूर्ण टाकत नाही, लाज वाटते (त्याची, माझी नाही). थोडक्यात: सुरुवातीला आजची नोंदवही फाइल आणि क्रमांकाची फाइल उघडतो, दिवसभर दोन्ही उघड्याच. दर गाडीला वहीत एक ओळ जोडतो, एफ.फ्लश() करतो. मग क्रमांकाची फाइल शून्यावर छाटून नवा आकडा लिहितो, परत फ्लश. मग पावती प्रिंट. फ्लश तर आहे ना?

नांदेडची_कर्नलवाली
पायथनचा फ्लश फक्त पायथनच्या स्वतःच्या बफरमधून कर्नलकडं ढकलतो. तिथून पुढं डिस्कपर्यंतचा रस्ता बाकीच. फ्लशनंतर ओएस.एफसिंक(एफ.फाइलनो()) हवं. क्रम महत्त्वाचा: उलटं केलंत तर पायथनच्या पोटात राहिलेलं तसंच राहील.

शून्य बाइटच्या फाइलीची गोष्ट जुनी आहे. एक्स्ट४ नवीन होता तेव्हा, २००९ च्या सुरुवातीला, उबुंटूवाल्यांनी हीच तक्रार केली होती: मशीन पडली आणि सेटिंगच्या फाइली रिकाम्या. छाटणी जर्नलमध्ये (फाइल सिस्टिमची डिस्कवरची बदलांची वही) लगेच नोंदली जायची, नवा मजकूर मात्र जागा मिळायची वाट बघत रॅममध्ये. मधल्या वेळात करंट गेला की उरतं ते रिकामं पोतं. एक्स्ट४ सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांचं म्हणणं, प्रोग्रॅमनं एफसिंक करायला हवं. लोकांचं म्हणणं, आधीच्या एक्स्ट३ वर तर चालत होतं. शेवटी २.६.३० मध्ये तडजोड झाली: छाटून परत लिहिलेली फाइल बंद करताना, किंवा नवी फाइल जुनीवर रीनेम करताना, एक्स्ट४ मजकूर लगेच खाली उतरवायला घेतो.

आता नीट बघा, *बंद करताना*. तुमच्या पोरानं फाइल दिवसभर उघडीच ठेवलीय. म्हणजे ती तडजोड तुमच्या वाट्याला कधी येतच नाही.

उदगीरची_पोर
माझं मत, क्रमांकाची फाइलच काढून टाका. शेवटचा क्रमांक नोंदवहीच्या शेवटच्या पूर्ण ओळीत आहेच, चालू होताना तिथून वाचायचा. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की लाइट गेल्यावर दोघींचं पटत नाही. ओळीच्या शेवटी एक चेकसम (ओळीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) टाका, म्हणजे अर्धवट लिहिलेली ओळ ओळखू येईल.

ठेवायचीच असेल तर: टेंपररी फाइलीत लिहा, एफसिंक, मग जुन्या नावावर रीनेम. छाटायचं नाही कधी.

नाही तर सरळ एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. जर्नल, चेकसम, क्रम, सगळं त्यांनी निस्तरलेलं आहे. फक्त "सिंक्रोनस" फुलवरून खाली आणू नका. डब्ल्यूएएल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याचा प्रकार) नॉर्मल ठेवलं तर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटचे व्यवहार जाऊ शकतात, आणि तुमचं भांडण शेवटच्या गाडीवरूनच आहे.

पुसदचा_पाहुणा
पण एफसिंक लई स्लो असते ना? आमच्याकडं एका सॉफ्टवेअरात लावलं होतं, सगळं रांगत होतं.

जुना_सीसॅडमिन_संभाजीनगर
ही भीती एक्स्ट३ च्या काळातली. तिथं ऑर्डर्ड मोडमध्ये एका फाइलीचं एफसिंक म्हणजे त्या अख्ख्या पार्टिशनचा बाकी डेटा उतरवणं. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ त्यावरून बदनाम झाला. पानं उघडताना ब्राउझर गपगार. एक्स्ट४ वर ज्या डेटाला अजून जागाच मिळाली नाही तो त्या फेऱ्यात ओढला जात नाही.

आणि हिशोब करा की. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते. नोंद, जर्नल, फ्लश धरून फार तर काही डझन मिलिसेकंद. काट्यावर गाडी चढायलाच मिनिट जातो! सेकंदाला हजार व्यवहार असते तर बोललो असतो. इथं दर पावतीला एक एफसिंक म्हणजे काहीच नाही.

क्रम: ओळ लिहा, फ्लश, एफसिंक, *मग* प्रिंट. पावती बाहेर पडली म्हणजे नोंद डिस्कवर आहेच, असं असलं पाहिजे.

हिंगोलीचा_हार्डवेअरवाला
डिस्कच्या पोटातही एक कॅश असते राव, ती कुणी बोलत नाही. डिस्क "लिहिलं" म्हणते आणि खरं तर तिच्या स्वतःच्या रॅममध्ये असतं. लाइट गेली की तेही गेलं.

नांदेडची_कर्नलवाली
बरोबर, पण एक्स्ट४ एफसिंकच्या वेळी डिस्कला कॅश रिकामी करायचा हुकूम पाठवतो, डीफॉल्टनंच. कुठल्या तरी ब्लॉगवरून "नोबॅरिअर" (हा हुकूम बंद करणारा पर्याय) चिकटवलं असेल तर एफएसटॅबमधून (डिस्क जोडण्याच्या सेटिंगची फाइल) आधी काढा. तो हुकूम पुढं न पोचवणारे स्वस्त यूएसबी अडॅप्टर असतात, म्हणून नोंदवही बाहेरच्या डिस्कवर ठेवू नका. आतल्या डिस्कवरही भरवसा नसेल तर एचडीपार्मनं तिची राइट कॅश बंद करता येते, वेग जाईल तेवढा. एसएसडी घेणार असाल तर पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली घ्या, तिच्यात लाइट गेल्यावर क्षणभर वीज पुरवणारे कपॅसिटर असतात.

आणि एफसिंकचं उत्तर तपासा. पायथन एक्सेप्शन फेकेल, ती गिळू नका. एफसिंक फेल झालं तर परत करून बघू, असंही नको. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांना हे महागात कळलं: लिखाण फेल झाल्यावर लिनक्स ती पानं स्वच्छ समजतो, दुसऱ्यांदा विचारलं तर "सगळं ठीक" म्हणतो, आणि डेटा कुठंच नसतो. ११.२ पासून पोस्टग्रे एफसिंक फेल झालं की सरळ स्वतःला पाडून घेतो आणि लॉगवरून परत उभा राहतो. तुम्ही प्रिंट थांबवा, स्क्रीनवर लाल अक्षरांत लिहा, त्या गाडीची पावती हातानं फाडा.

सेलूचा_काटेवाला
क्रमांकाची फाइल काढली. चेकसम टाकला. एफसिंक मग प्रिंट, असं केलं. रविवारी काटा बंद होता तेव्हा परीक्षा घेतली: एक स्क्रिप्ट नंबर लिहिते, एफसिंक करते आणि झालं की तोच नंबर नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपला पाठवते. मध्येच प्लग ओढला. परत चालू केल्यावर लॅपटॉपवर आलेला शेवटचा नंबर डिस्कवर हवाच. आतल्या डिस्कवर प्रत्येक वेळी होता. यूएसबीच्या डब्यावर मात्र लॅपटॉप पुढं, डिस्क मागं! ताई म्हणाल्या तसंच. आता त्यावर फक्त कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग.

बॅटरीचं अजून सीझन संपल्यावरच.

हिंगोलीचा_हार्डवेअरवाला
मालकाला म्हणावं, प्लग ओढून डिस्क टिकत नाही. फाइल सिस्टिम वाचेल, मोटर नाही.

उदगीरची_पोर
एक राहिलं. नोंदवही रोज नवी फाइल आहे ना? सकाळी ती तयार झाली की तिच्या फोल्डरवरही एकदा एफसिंक करा. फाइलीतला मजकूर डिस्कवर आणि फोल्डरात तिचं नावच नाही, असं व्हायला नको. एक्स्ट४ वर फाइलीच्या एफसिंकमध्ये हे बहुतेक आपोआप निभावतं, पण उद्या कुणी मशीन बदलून दुसरी फाइल सिस्टिम टाकली तर नियमाप्रमाणं ते वेगळंच मागावं लागतं. फोल्डर फक्त वाचायला उघडायचा, ओएस.एफसिंक, बंद.

सेलूचा_काटेवाला
टाकलं ताई. उद्या सकाळची वही त्यानंच उघडेल.